वक्तृत्वस्पर्धेतील न्याय

वक्तृत्वस्पर्धेचा निकाल जाहीर झाला की सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो; पण त्याच वेळी दोन-चार मुले मान खाली घालून बसलेली असतात. ‘परीक्षकांनी अन्याय केला’ हा त्यांचा आरोप पुष्कळदा पराभवाचा रुसवा असतो, परंतु नेहमीच नव्हे. परीक्षक सज्जन असला म्हणजे निकाल न्याय्य होतोच असे नाही. सज्जनपणा स्वभावात असतो. न्याय मात्र पद्धतीत असावा लागतो.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि व्यासपीठ हे मराठी समाजाचे एक विद्यापीठच होऊन बसले. मराठी माणूस जेथे गेला तेथे ही आवड बरोबर घेऊन गेला. दुर्ग आणि राजनांदगाव यांच्या दरम्यान, भिलाईच्या परिसरात, रसमडा हे लहानसे रेल्वेस्थानक आहे. या छत्तीसगड मुलखावर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचे स्वामित्व होते. पुढेही १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. या भागात वाढणाऱ्या मराठी मुलाच्या कानी घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी पडते. ते मराठीत भाषण करू लागले की त्याच्या बोलण्याला थोडा निराळा हेल येतो. परीक्षकाची खरी कसोटी येथेच लागते.

गुणपत्रिकेवर ‘भाषा’ असा रकाना असतो. पण त्यात नेमके काय मोजावयाचे, हे बहुधा ठरलेले नसते. शब्द स्पष्ट ऐकू आला काय, अर्थ कळला काय, आणि तो शब्द विषयाला शोभला काय, हे तीन प्रश्न विचारावेत. हेल वेगळा असूनही यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर गुण कापण्याचे कारण नाही. उलट, शब्द चुकीच्या अर्थाने आला किंवा वाक्य संदिग्ध झाले, तर तो दोष होय. मग मूल पुण्याचे असो वा रसमड्याचे. ‘इतक्या दूर राहूनही मराठी बोलतो’ म्हणून दिलेले कौतुकाचे गुणही अन्यायच करतात, कारण ते दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून काढलेले असतात.

दुसरा धोका पहिल्या छापेचा. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सैनिकांविषयी अधिकाऱ्यांनी दिलेले अभिप्राय तपासले. ज्याची शरीरयष्टी उत्तम त्याची बुद्धी आणि चारित्र्यही उत्तम, असे मत देण्याकडे त्यांचा कल दिसला. भाषणातही हेच घडते. आवाज भारदस्त असला की विचारही भारदस्त वाटू लागतात. म्हणून विषयप्रतिपादन, मांडणी, भाषा आणि सादरीकरण यांचे गुण स्वतंत्रपणे द्यावेत, व त्यांचे प्रमाण स्पर्धेपूर्वीच वक्त्यांना सांगावे. पाठ केलेले भाषण आणि स्वतःचा विचार यांतील भेद पारखावयाचा असेल, तर अखेरीस एखादा प्रश्न विचारण्याची सोय ठेवावी. मात्र ती सर्वांना सारखी असावी.

तिसरी अडचण बेरजेची. समजा, पहिल्या परीक्षकाने ‘क’ला ७२ व ‘ख’ला ७० गुण दिले, दुसऱ्याने ७१ व ६९, तिसऱ्याने मात्र ५५ व ८५. एकूण बेरीज ‘क’ची १९८ आणि ‘ख’ची २२४. तिघांपैकी दोघांना ‘क’ श्रेष्ठ वाटला, तरी पारितोषिक ‘ख’ला मिळाले! ज्याचा हात सढळ, त्याचे मत इतरांहून जड झाले. यावर उपाय म्हणून प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून क्रमांक काढावेत आणि क्रमांकांची बेरीज करावी. तेव्हा ‘क’ची बेरीज ४, ‘ख’ची ५ होते व कमी बेरजेचा ‘क’ विजयी ठरतो. १९२४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या टोस्टमास्टर्स या संस्थेच्या स्पर्धांतही परीक्षकांनी लावलेल्या क्रमांकांवरूनच निकाल ठरवितात. क्रमांकांत गुणांचे मोठे अंतर लपते, हे खरे. परंतु एकाच्या लहरीने निकाल फिरण्यापेक्षा हा दोष सोसवतो.

बाकीच्या गोष्टी साध्या, पण मोलाच्या आहेत. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. वेळ मोजणारा वेगळा असावा आणि घंटा सर्वांना एकाच हिशेबाने व्हावी. परीक्षकांनी गुणपत्रिका देण्यापूर्वी आपसांत चर्चा करू नये. स्पर्धकाशी नाते किंवा शिष्यत्व असेल, तर परीक्षकाने आपण होऊन त्या जागेवरून बाजूस व्हावे.

निकालानंतर प्रत्येक वक्त्याला त्याच्या भाषणातील एक गुण आणि एक उणीव स्पष्ट शब्दांत सांगितली जावी. पारितोषिक एकालाच मिळते. पण आपले म्हणणे नीट ऐकले गेले, ही खात्री सर्वांना मिळू शकते. ज्या मुलाला ती मिळते, ते पुढच्या वर्षी पुन्हा व्यासपीठावर येते. मराठी मुलखापासून दूर वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर त्याच्या परतण्यावर केवळ एका स्पर्धेचे नव्हे, घरच्या भाषेचेही भवितव्य अवलंबून असते.