स्तनातील गाठ : कोणती तपासणी केव्हा?

गाईची कास सुजली किंवा दुधात गुठळ्या दिसल्या की आपण त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतो. घरातल्या बाईच्या स्तनाला गाठ लागली, तर ती मात्र कोणालाच सांगत नाही. "दुखत तर नाही, तंबाखू घरात येऊ दे, उसाची तोड होऊ दे, मग बघू," असे म्हणत महिने जातात. भगिनींनो, न दुखणारी गाठ निरुपद्रवी असतेच असे नाही. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. मात्र घाबरूनही जाऊ नये, कारण स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. कोणती गाठ कसली आहे, हे वेळेवर ओळखणे महत्त्वाचे.

त्यासाठी आज निरनिराळी यंत्रे आहेत. प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

मॅमोग्राफी : हा स्तनाचा क्ष-किरण फोटो. स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही क्षण दाबून धरतात, थोडे दुखते. हाताला न लागणारी लहान गाठ आणि चुन्यासारखे बारीक कण यात दिसतात. साधारण चाळिशीनंतर ही तपासणी अधिक उपयोगी पडते. तरुण वयात स्तन घट्ट असतात आणि फोटोत पांढरे दिसतात. गाठही पांढरीच दिसते. धुक्यात पांढरी गाय शोधावी, तसे होते. किरणांची मात्रा अल्प असते. सुमारे सात आठवड्यांत निसर्गातून आपल्या अंगावर येते तेवढीच.

सोनोग्राफी : गरोदरपणी पोटाची करतात तीच. यात क्ष-किरण नसतात. गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, हे यात चांगले कळते. तिशीच्या आतील स्त्रियांसाठी आणि गरोदर मातांसाठी पहिली तपासणी हीच. परंतु चुन्याचे बारीक कण यात सहसा सुटतात, म्हणून चाळिशीनंतर डॉक्टर पुष्कळदा दोन्ही करावयास सांगतात.

एम.आर.आय. : हे चुंबकाचे यंत्र. शिरेत औषध देऊन चित्र घेतात. ते फार बारकाईने दाखवते, पण खर्चिक आहे, आणि कित्येकदा साध्या गाठीविषयीही शंका उभी करते. ज्यांच्या घराण्यात हा रोग आनुवंशिक आहे, अशांना ते विशेष उपयोगी.

थर्मोग्राफी : हे अंगाच्या उष्णतेचे चित्र. 'किरण नाहीत, दुखत नाही' अशी त्याची जाहिरात होते. परंतु ही तपासणी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्पष्ट बजावले आहे. केवळ तिच्यावर विसंबून राहू नये.

आता मुख्य गोष्ट. पिकावरचा डाग बांधावरून पाहून रोग सांगता येत नाही. पान तोडून हातात घ्यावे लागते. तसेच येथेही आहे. संशयाची गाठ असेल, तर सुईने तिचा लहानसा तुकडा काढून तपासल्यावरच निदान पक्के होते. हाताला गाठ लागते आहे, पण फोटो चांगला आला, एवढ्यावर घरी बसू नये. पुढे काय करावे हे डॉक्टरांना विचारावे. सुई टोचली की रोग अंगभर पसरतो, ही समजूत खरी नाही.

यंत्र गावात नाही म्हणून सारे अडले, असेही नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तन तपासले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही. शिकलेला हातही जीव वाचवू शकतो, हे यावरून दिसते. सरकारी कार्यक्रमानुसार आरोग्य केंद्रात तिशीपुढील स्त्रियांची अशी तपासणी करावयाची असते. आशाताईंकडे चौकशी करावी.

गाठ, त्वचेवर खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, काखेत गाठ, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. बेळगावात के.एल.ई. संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. आता निपाणी-चिकोडीकडच्या रुग्णाला प्रत्येक वेळी मुंबईच गाठावी लागते असे नाही.

५ फेब्रुवारीला संत आगाथाचा सण येतो. छळात या कुमारिकेचे स्तन कापले गेले, असे परंपरा सांगते. म्हणून स्तनरोगाने पीडित स्त्रिया तिची मध्यस्थी मागतात. ती प्रार्थना अवश्य करावी, आणि त्याच दिवशी घरातील आई, पत्नी, बहीण यांना विचारावे, "तुला काही त्रास तर नाही ना?" पुरुषांनी हे विचारण्यात लाज वाटू देऊ नये. गाईसाठी एका दिवसात धावणाऱ्या घराने घरधनिणीसाठी सुगी संपण्याची वाट का पाहावी?