एकाच सालचे दोन रुपये

जुनी नाणी जमवणं म्हणजे रिटायर्ड लोकांचा टाईमपास, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. पण "या नाण्याचे पाच लाख मिळतील" असा मेसेज आला, की होस्टेलमधली हीच मंडळी घरी फोन करून आजीला डबा उघडायला लावतात! खरा छंद या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. नाणं जुनं आहे म्हणून ते महाग असतं, हा पहिला गैरसमज. दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं स्वस्तात मिळू शकतं आणि ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं नाणं लाखांत जाऊ शकतं. मग किंमत ठरते कशावर? ती किती शिल्लक आहेत, किती लोकांना हवी आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि कोणत्या 'जातीची' आहेत, यावर.

जात म्हणजे व्हरायटी. या अभ्यासात इंग्लंडचे लोक फार पुढे आहेत. तिथली जुनी पेनी हे अगदी साधं नाणं. १९७१ पर्यंत अशा २४० पेनींचा एक पौंड होत असे. मायकेल फ्रीमन यांनी या नाण्यांचे ठसे बारकाईने तपासून छाप्याच्या बाजूला आकडे आणि काट्याच्या बाजूला अक्षरं दिली. त्यामुळे एकाच सालच्या दोन पेनी दिसायला सारख्या असल्या, तरी त्यातली एक किरकोळ आणि दुसरी दुर्मिळ ठरू शकते. आपल्याकडे ब्रिटिशकालीन नाण्यांसाठी असंच काम प्रिडमोर यांच्या कॅटलॉगने केलं.

हे फरक येतात कुठून?

मेकॅनिकलवाल्यांना हे लगेच कळेल. नाणं ओतत नाहीत, ठोकतात. धातूची कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून प्रेसने दाब देतात. भोवती एक कडं असतं, त्यामुळे कडेवरच्या रेघा उमटतात. ठसा पोलादाचा असला तरी झिजतो, तडकतो. मग मूळ नमुन्यावरून नवा ठसा तयार करावा लागतो. अधूनमधून तो नमुनाच बदलतात. कधी मुकुट थोडा उंच होतो, कधी अक्षरं लहान होतात, कधी एखादा ठिपका वाढतो. ही झाली व्हरायटी. छाप एका बाजूला सरकला किंवा चकती तुटकी निघाली, तर ती टाकसाळीतली चूक. आणि खिशात फिरून नाणं झिजलं, तर ती नुसती झीज! या तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखता आल्या की निम्मा अभ्यास झाला.

मुंबईचे ठिपके

सगळ्यात सुंदर उदाहरण व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ च्या रुपयाचं आहे. गंमत म्हणजे हा रुपया फक्त १८६२ मध्ये पाडला नाही. १८७४ मध्ये दरवर्षी नवं साल घालायला सुरुवात झाली, तोपर्यंत तेच १८६२ साल छापत राहिले. मग कोणतं नाणं कोणत्या वर्षाचं, हे कसं ओळखायचं? मुंबईच्या टाकसाळीने त्यासाठी काट्याच्या बाजूला बारीक ठिपके घातले. ठिपके किती आणि ते सालाच्या खाली आहेत की वरच्या बाजूला, यावरून जाती ठरतात. शिवाय राणीच्या चेहऱ्याचे आणि नक्षीचे प्रकार वेगळे. म्हणजे सराफाकडे चांदीच्या भावात विकला जाणारा एखादा रुपया भिंगाखाली दुर्मिळ निघू शकतो. आणि न बघता वितळवला, तर तो कायमचा गेला.

दुसरं उदाहरण १९११ चं. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावर एक छोटा हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड निघाली, की लोकांना तो डुक्कर वाटला! मुस्लिम समाजात नाराजी पसरली आणि सरकारने नाणी मागे घेतली. सुमारे ९४ लाख पाडली होती, त्यातली फक्त ७ लाखांच्या आसपास लोकांच्या हातात गेली. १९१२ मध्ये हत्ती सुधारला.

तिसरा म्हणजे १९३९ चा रुपया. त्यात ९१.७ टक्के चांदी होती. १९४० मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणलं. १९३९ चे रुपये आज अगदी मोजके मिळतात. म्हणूनच १९३८ मधला शेवटचा ८ कोरून त्याचा ९ करणारे कलाकारही बरेच आहेत. असा रुपया कोणी दाखवला, तर आधी भिंगातून तो ९ बघा.

ज्यांच्या खिशात एवढे पैसे नाहीत (म्हणजे आपण सगळे!) त्यांच्यासाठी भोकाचा पैसा आहे. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला १९४३ पासून मधे भोक असलेला पैसा काढला. आधीचा पैसा ४.८६ ग्रॅमचा होता, हा फक्त २ ग्रॅमचा. लोक तो वॉशर म्हणून वापरत, असं सांगतात. त्याच्यावरच्या मुकुटाचे आकार तपासा, टाकसाळीच्या खुणा शोधा. कमी खर्चात डोळा तयार होतो.

आपल्या जिल्ह्याचं नाणं

खांदा कॉलनी ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याला हे नाव १९८१ मध्ये मिळालं. आधी तो कुलाबा जिल्हा होता. ज्या गडावरून हे नाव आलं, तिथे १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांची तांब्याची शिवराई पुढे इंग्रजी अमलातही बाजारात चालत होती. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण हाताने कोरलेले ठसे असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, अक्षरांचं वळण बदलतं. नंतरच्या 'दुदांडी' शिवराईवर दोन आडव्या रेघा आढळतात. म्हणजे पेनीवाले जे करतात, ते आपल्याला देवनागरीत करता येतं! दुर्दैवाने ही नाणी कित्येकदा भंगारात किलोच्या भावाने गेली. आणि मागणी वाढल्यावर नकलाही वाढल्या.

काही गोष्टी लक्षात ठेवा

नाणं चिंच, लिंबू किंवा पितांबरीने कधीही घासू नका. घासल्यावर बारीक खुणा जातात आणि किंमतही जाते. कडेला धरा, तळव्यावर घेऊ नका.

वजन करा. पूर्वीचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असे. चुंबक लावा. चांदी चिकटत नाही, पण १९४७ चा निकेलचा रुपया चिकटतो.

जमिनीत नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे, त्यांची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशात नेता येत नाहीत.

"आधी कमिशन भरा, मग लाखो रुपये देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने अशी फसवणूक होते म्हणून २०२१ मध्ये बँकेनेच लोकांना सावध केलं होतं. बँक असे व्यवहार करत नाही.

सुरुवात आजच करता येईल आणि तीही फुकट. मेसचं बिल देण्याआधी खिशातली नाणी काढून सालाच्या खाली बघा. चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. मग एखाद्या रविवारी खांदेश्वरहून हार्बर लोकल पकडा आणि फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेसमोरची टाकसाळ बाहेरून तरी बघून या. आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात, तर देवघरातली, डब्यातली नाणी भंगारवाल्याकडे किंवा सराफाकडे जाण्याआधी एकदा भिंगाखाली धरा. लाख रुपये नाही मिळाले तरी चालेल. हातातून काय जातंय, एवढं तरी आपल्याला कळायला हवं.