मॅटिल्डाइट
चांदी व बिस्मथ यांचे दुर्मिळ सल्फोलवण खनिज. स्फटिक षट्कोणी पण क्वचित, बहुधा कणमय. भंजन खडबडीत. कठिनता २·५. वि. गु. सु. ६·९. चमक धातूसारखी. रंग करडा ते लोखंडासारखा काळा. कस फिकट करडा. चांदी सु. २८ टक्के. सु. १९५° से. च्या वर याची संरचना घनीय होते व ते गॅलेनात (शिशाच्या सल्फाइडात) मिसळून जाते. निवताना ते वेगळे होऊन गॅलेनात सूक्ष्म पट्ट्यांच्या रूपात राहते. म्हणून नुसते शिशाचे दिसणारे धातुक चांदीयुक्त असू शकते. घनीय प्रकारास पूर्वी शापबाखाइट म्हणत. २००४ पासून हे नाव शिसेयुक्त घनीय खनिजापुरते आहे. पेरूतील मोरोकोचाजवळील मॅटिल्डा खाणीवरून मॅटिल्डाइट हे नाव पडले (१८८३).