पालीची भीती घालवणारी पाल

संध्याकाळी ट्यूबलाईट लागली की तिच्या कडेला एक पाल येऊन बसते. आपल्या वस्तीतले कोणते घर याला अपवाद आहे? घर पत्र्याचे असो, चाळीतले असो की नव्या इमारतीतले, भाडे न देणारी ही भाडेकरीण तिथे असतेच. आणि तिला पाहून किंचाळणारे एखादे माणूसही त्याच घरात असते. कोणी रात्री मोरीत एकटे जात नाही, कोणी स्वयंपाकघरात आधी मुलाला डोकावायला पाठवते. बाकीचे हसतात. पण ज्याला ही भीती आहे त्याची छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो. ते काही सोंग नव्हे. मानसशास्त्रात अशा भीतीला 'फोबिया' असे नाव आहे आणि तिच्यावर उपायही आहे.

ही भीती येते कुठून? अनेकदा ती घरातच शिकली जाते. आई पाल पाहून ओरडते, तेव्हा कडेवरचे मूल पालीकडे नव्हे, आईच्या चेहऱ्याकडे पाहते आणि भिते. त्यात भर पडते ती 'पल्लीपतना'ची. पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली म्हणजे काय फळ मिळते, याची कोष्टके पंचांगांत छापली जातात. मनात शंका आली तरी आपण 'पाल चुकचुकली' म्हणतो. वास्तविक पाल पडते ती दोन पालींची झटापट झाली म्हणून किंवा ओल्या भिंतीवर तिची पकड ढिली पडली म्हणून. खाली कोण बसले आहे याचा तिला पत्ताही नसतो.

आता उपायाकडे वळू. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर या नावाने ती ओळखली जाते. तीन वर्षांच्या आतला हा मुलगा सशाला फार भीत असे. बाईंनी त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, असे सुरू केले. ससा हळूहळू जवळ आणला. न भिणारी इतर मुलेही सोबत खेळायला ठेवली. शेवटी पीटर सशाला स्वतःच्या हाताने कुरवाळू लागला. पुढे जोसेफ वोल्पे या डॉक्टरांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात अशा पायरीपायरीच्या पद्धतीची शास्त्रशुद्ध मांडणी केली. आजही त्याच धर्तीवर उपचार होतात. सार एवढेच की, भीतीपासून पळाले की भीती वाढते. बेताबेताने तिच्याजवळ गेले की ती ओसरते.

याच विचाराने परदेशात पालीला भिणारे काही लोक मुद्दाम पाल पाळतात. बिबट्यासारखे ठिपके असलेली एक जात त्यासाठी प्रसिद्ध आहे. ती मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताकडची. काचेच्या पेटीत तिची पैदास करतात. रोज खायला घालता घालता भीती सवयीत विरून जाते.

आपल्याला पेटीही नको आणि खर्चही नको. आपली पाल भिंतीवर आयतीच आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी दहावीला होती. घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि आजोबांची खाट. अभ्यासाला जागा एकच, स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली. आणि तिथेच पाल! पोरगी वही घेऊन जिन्यात बसायची. तिथला दिवा मिणमिणता. मी म्हटले, "तिला हाकलू नको, मारूही नको. आपणच ती पाळली आहे असे समज."

"मावशी, पाळायची म्हणजे काय करायचे गं?" तिने विचारले.

"काही नाही. रोज बघायचे आणि वहीत लिहायचे."

दारापासून ट्यूबखालच्या भिंतीपर्यंत नऊ फरश्या होत्या. पहिल्या दिवशी ती दारातच बसली, जेमतेम दहा मिनिटे. छाती शांत झाल्याशिवाय उठायचे नाही, एवढाच नियम. दोन दिवस शांत गेले की एक फरशी पुढे. पालीचे शेपूट तुटलेले होते, म्हणून तिचे नाव ठेवले बांडी. वहीत नोंदी होऊ लागल्या: "सात वाजता आली. दोन डास खाल्ले. पाखरावर झेप घेतली, पण चुकली." पाचव्या फरशीवर असताना बांडी सरसर जमिनीवर उतरली आणि पोरगी थेट अंगणात! दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फरशीपासून पुन्हा सुरुवात केली. काही आठवड्यांनी वहीत लिहिले गेले: "बांडीला नवे शेपूट येत आहे. रंग फिका आहे." परीक्षेपर्यंत ती मुलगी रात्री अकरापर्यंत त्याच ट्यूबखाली बसत होती. पालीला ती आजही हात लावत नाही. लावण्याची गरजही नाही.

माहिती वाढते तशी किळस कमी होते. म्हणून घरातल्या सर्वांनी एवढे लक्षात ठेवावे. आपल्या देशातली कोणतीही पाल विषारी नाही. संकटात ती स्वतःच शेपूट सोडते. शत्रू त्या वळवळत्या तुकड्याकडे पाहत राहतो आणि ही निसटते. नव्या शेपटात मात्र हाडाऐवजी कूर्चा असते. तिच्या बोटांखाली अतिशय बारीक केस असतात. त्यांचे टोकाशी आणखी बारीक फाटे फुटलेले असतात. ते फाटे आणि भिंत यांच्या कणांमधल्या आकर्षणामुळे ती चिकटून राहते, हे २००२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणजे तिच्या पायांना ना डिंक, ना जादू! घरातल्या पालीला पापण्या नसतात, म्हणून ती जिभेनेच डोळे पुसते. आणि डास, झुरळे, पतंग हे तिचे रोजचे जेवण.

सावधगिरीही हवी. पालीच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याने उलट्या-जुलाब होतात. म्हणून अन्नपाणी झाकून ठेवावे, ओटा पुसावा, हात साबणाने धुवावेत. अन्नात पाल पडली तर ते टाकून द्यावे. तिथे दोष विषाचा नसून घाणीचा असतो. रानातली घोरपड पकडून घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला संरक्षण आहे आणि तिला पकडणे गुन्हा आहे.

भीती इतकी असेल की जेवणझोप उडते, घरात राहवत नाही, तर एकट्याने झगडू नये. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही विनामूल्य आहे. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे.

शेवटी घरातल्या कर्त्या माणसांना आणि थोरल्या भावंडांना एक विनंती. भिणाऱ्याच्या अंगावर रबरी पाल टाकून गंमत करू नका. धरून बांधून पालीसमोर उभेही करू नका. त्याने भीती जात नाही, उलट माणसांवरचा विश्वास जातो. किती फरश्या पुढे सरकायचे, हे भिणाऱ्यालाच ठरवू द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा.