घरात सबवूफर आणताय? आधी शब्द ऐका!

बोनस हाती आला किंवा भिशीचा नंबर लागला की घरात एखादी नवी वस्तू यावी असे प्रत्येक कुटुंबाला वाटते. पूर्वी या यादीत टेपरेकॉर्डर होता, मग टीव्ही आला. आता तरुण मुले हट्ट धरतात तो 'वूफर'चा. १४ एप्रिल जवळ आला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी सुरू झाली की हा हट्ट आणखी वाढतो. आम्ही या हौसेच्या विरोधात मुळीच नाही. घामाच्या पैशातून आपल्या माणसांनी चांगला आवाज ऐकावा, यात गैर काय आहे? परंतु कोणता संच घ्यावा, तो दहा बाय बाराच्या खोलीत कोठे ठेवावा आणि किती वाजवावा, हे दुकानदार सांगत नाही. म्हणून कुटुंबाच्या या पानावर आम्ही तो विषय घेतला आहे.

गाणे आपल्या घरी कशासाठी?

सुरुवात यंत्रापासून नको, गाण्यापासून करू. आपल्या समाजात गाणे ही केवळ करमणूक कधीच नव्हती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती आंबेडकरी जलसे घेऊन वस्त्यावस्त्यांत फिरले. पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली आणि गायिली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजाने चाळी, झोपडपट्ट्या आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्या जाग्या केल्या. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारीच गाण्यांच्या कॅसेटी विकल्या जात आणि लोक पुस्तकाइतक्याच आदराने त्या घरी आणत. ज्या आयाबायांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचला तो गाण्यातूनच. म्हणजे आपल्या गाण्याचा जीव त्याच्या शब्दात आहे. ढोलकी त्या शब्दाला चालना देते. तिने शब्द गिळून टाकायचा नसतो.

म्हणून आम्ही एकच कसोटी सांगतो. जो संच शब्द स्पष्ट ठेवून ढोलकीला वजन देतो तो चांगला. ज्याने छाती धडधडते पण कडवे कळत नाही, तो कितीही महाग असला तरी आपल्या कामाचा नाही.

सबवूफर नेमके काय करतो?

माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या कंपनांच्या मापाला हर्ट्झ म्हणतात. कंपने कमी तितका आवाज खालचा, म्हणजे खर्जाचा. लहान स्पीकरचा पडदा छोटा असतो. खर्जासाठी जितकी हवा ढकलावी लागते तितकी तो ढकलू शकत नाही. ते काम मोठ्या पडद्याचा सबवूफर करतो. घरगुती संचात तो साधारण ४० ते १२० हर्ट्झचा भाग सांभाळतो. ढोलकीची खर्जाची बाजू आणि ढोल या भागात येतात. दिमडीची थाप, टाळी, तुणतुण्याची तार आणि शब्दांतली 'स', 'त', 'च' ही व्यंजने फार वरच्या भागात असतात. ती लहान स्पीकरमधूनच ऐकू येतात.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुरुषाचा बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे शाहिराच्या आवाजाचा पाया सबवूफरच्या वेशीवरच उभा आहे. सबवूफर गरजेपेक्षा वाढवला की हा पाया फुगतो, आवाज माठात तोंड घालून गायल्यासारखा घुमतो आणि व्यंजने त्याखाली दबतात. गाणे मोठे होते, पण समजत नाही.

दुकानात काय पाहावे?

बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो '२.१' संच. याचा अर्थ दोन लहान स्पीकर आणि एक सबवूफर. एका खोलीच्या घराला हा संच पुरेसा आहे. पाच-पाच स्पीकरांच्या संचाला वायरींचे जंजाळ लागते आणि लहान खोलीत त्याचा विशेष लाभ होत नाही.

खोक्यावर हजारो वॅटचा आकडा छापलेला असतो. त्याला भुलू नये. तो बहुधा पी.एम.पी.ओ. नावाचा जाहिरातीचा आकडा असतो. खरा आकडा आर.एम.एस. वॅटचा, यंत्र सतत किती ताकद देऊ शकते ते तो सांगतो. साध्या खोलीला एकूण ३० ते ६० वॅट आर.एम.एस. भरपूर झाले. सबवूफरचा पडदा पाच ते साडेसहा इंचांचा असला तरी चालते. आठ किंवा दहा इंची पडदा मोठ्या हॉलसाठी ठीक.

सबवूफरची पेटी हातात उचलून पाहावी. जाड लाकडी फळीची पेटी जड असते आणि टिचकी मारल्यावर बद्द वाजते. पातळ पेटी पोकळ वाजते. ती गाण्याबरोबर स्वतःही थरथरते. सबवूफरचा आवाज कमी-जास्त करण्याचे वेगळे बटण आहे का, हे जरूर पाहावे. ते नसेल तर पुढे खोलीप्रमाणे आवाज जुळवता येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपले गाणे सोबत न्यावे. दुकानदार धमधम करणारे गाणे लावतो, त्यात कोणताही संच भारी वाटतो. आपण मोबाइलमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर ओळखीचे भीमगीत न्यावे आणि ते मध्यम आवाजात ऐकावे. घरातल्या आजींना सोबत नेता आले तर उत्तम. त्यांना कडवे स्पष्ट कळले तर संच पास!

जुन्या गाण्यांबद्दलही एक सूचना आहे. अनेक जुनी भीमगीते आज मिळतात ती कॅसेटवरून उतरवलेली. त्यात खर्ज मुळातच कमी असतो, उलट टेपची घरघर असते. सबवूफर वाढवून त्यात नसलेली ढोलकी येणार नाही. फक्त घरघर मोठी होईल.

हप्त्याचा हिशेब

दुकानात 'फक्त आठशे रुपये महिना' अशी पाटी असते. समजा, एक संच रोखीने ७,५०० रुपयांना मिळतो आणि तोच ८०० रुपयांच्या १२ हप्त्यांत मिळतो. हप्त्यांची बेरीज ९,६०० होते. म्हणजे २,१०० रुपये जास्त गेले. तेवढ्या पैशात शाळेच्या मुलाची वह्या-पुस्तके आली असती. आमचा आग्रह असा की ही वस्तू हप्त्यावर घेऊच नये. आपल्या भगिनी बचत गटात महिन्याकाठी पैसे टाकतात. त्याच रीतीने दहा-बारा महिने वेगळे पैसे साठवावेत आणि मग रोखीने आणावा. पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय दुकानातून निघू नये.

कोठे ठेवावा?

चांगला संचसुद्धा चुकीच्या जागी ठेवला तर बिघडल्यासारखा वाजतो. याचे कारण खोलीच्या मापात आहे. खर्जाच्या लाटा लांब असतात. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ २३ फुटांची भरते. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा आवाज समोरासमोरच्या भिंतींत सापडून घुमतो. दहा फूट रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झचा घुमतो. खोली चौकोनी, दहा बाय दहाची असेल तर दोन्ही घुमणे एकाच ठिकाणी पडतात आणि एकच ठोका वेड्यासारखा वाढतो. म्हणूनच भिंतीला टेकून बसलेल्याला गाणे घुमते आणि खोलीच्या मधोमध बसलेल्याला तेच गाणे पोकळ वाटते.

कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर सर्वांत जोरात वाजतो, कारण दोन्ही भिंती आणि जमीन त्याचा आवाज परत फेकतात. पण घुमणेही तेथेच जास्त. जागा शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. आपण जेथे बसून ऐकतो त्या जागी सबवूफर ठेवावा आणि ढोलकीचे गाणे लावावे. मग भिंतीच्या कडेकडेने खाली वाकून फिरावे आणि ढोलकी कोठे सारखी व मोकळी ऐकू येते ते पाहावे. तीच सबवूफरची जागा. हे काम मुलांना सांगावे; ते आनंदाने करतात.

आणखी काही गोष्टी सांभाळाव्यात:

– पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावी. पेटीला भोक असेल तर ते भिंतीला किंवा पडद्याला टेकू नये.

– शेजाऱ्याच्या घराला लागून असलेली भिंत टाळावी. पेटीखाली जाड रबर किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवावी. पावसाळ्यात जमिनीला ओल येत असेल तर फळीवर ठेवावी.

– तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा ज्या फळीवर आहेत, त्या फळीवर किंवा तिच्या लगेच खाली सबवूफर नको. हादऱ्याने तसबिरीची काच वाजते आणि खिळा ढिला होतो. पेटीवर मेणबत्ती, फुलदाणी, पाण्याचा तांब्या तर मुळीच ठेवू नये.

– स्टीलची मांडणी, पत्र्याचे कपाट, पत्र्याचे छत थरथरत असेल तर दोष सबवूफरचा नसतो. भांडी सरकवावीत, मध्ये कापड घालावे.

– दोन्ही लहान स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवावेत. वायरी जोडताना लाल ठिकाणी लाल, काळ्या ठिकाणी काळी असेच जोडावे. एका स्पीकरची वायर उलटी झाली की खर्ज विरतो आणि गायकाचा आवाज मधोमध येत नाही.

– तीन पिनांचा प्लग असेल तर तीन पिनांच्या सॉकेटमध्येच लावावा. उघड्या वायरी खोचून जोडणी करू नये. घरात लहान मुले असतात.

बटण किती फिरवावे?

सबवूफरचे बटण आधी शून्यावर न्यावे. फक्त लहान स्पीकरवर गाणे लावून शब्द नीट ऐकावेत. मग बटण हळूहळू वाढवावे. ढोलकीला वजन आले आणि ती दोन्ही स्पीकरच्या मधूनच वाजते असे वाटले की थांबावे. आवाज कोपऱ्यातल्या पेटीतून येतो हे कानाला कळू लागले तर थोडे मागे यावे. क्रॉसओव्हरचे बटण असेल तर लहान स्पीकरच्या आकाराप्रमाणे १०० ते १५० हर्ट्झच्या दरम्यान ठेवून पाहावे; शाहिराचा आवाज जड वाटला तर ते खाली आणावे.

भगवान बुद्धांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेचे उदाहरण दिले होते. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. तार फार ताणली तर सूर निघत नाही आणि फार ढिली सोडली तरी निघत नाही, हे त्याच्याच अनुभवातून त्याला पटवून दिले. मध्यम मार्गाचा तो धडा साधनेसाठी होता, पण आवाजाच्या बटणालाही तो लागू पडतो.

सकाळी त्रिशरण-पंचशील किंवा परित्राणपाठ लावताना सबवूफर बंदच ठेवावा. भन्तेजींच्या आवाजाला धमधमीची गरज नसते.

भिंतीपलीकडचे घर

लहान स्पीकरचा आवाज भिंतीत बराचसा अडतो, पण खर्ज भिंत ओलांडून जातो. म्हणून आपल्याकडे गाणे वाजते तेव्हा शेजारी शब्द पोहोचत नाहीत, फक्त ठोके पोहोचतात. तेथे रात्रपाळी करून झोपलेला कामगार असेल, आजारी म्हातारी असेल, दहावीचा विद्यार्थी असेल. आपल्याला जे भीमगीत वाटते, ते त्यांच्या डोक्यावर पडणारे घण असतात.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पण कायद्याच्या आधी आपली स्वतःची जाण हवी. रात्री नऊनंतर सबवूफर शून्यावर आणि परीक्षेच्या दिवसांत दिवसाही कमी, असा नियम प्रत्येक घराने स्वतःच घालून घ्यावा, असे आम्हाला वाटते. वाढदिवस असो की जयंती, शेजाऱ्याला आधी सांगून, ठरलेल्या वेळेपर्यंत वाजवावे.

बाबासाहेबांनी परळच्या चाळीतल्या लहानशा खोलीत रात्र रात्र जागून अभ्यास केला. आज आपल्या वस्तीत एखादे लेकरू तसेच दिव्याखाली पुस्तक उघडून बसले असेल. त्याच्या घराची भिंत आपल्या घराला लागून आहे. बाबासाहेबांचेच गाणे लावून आपण त्याचा अभ्यास मोडला, तर ती कसली जयंती?

सबवूफर जरूर घ्या. ऐपतीप्रमाणे, रोखीने, पारखून घ्या. योग्य जागी ठेवा. आणि एखाद्या रविवारी सगळे कुटुंब एकत्र बसून एक पूर्ण गाणे शांतपणे ऐका. मग मुलांना त्याचा अर्थ विचारा. ज्या दिवशी मुले अर्थ सांगतील, त्या दिवशी आपण खर्च केलेला प्रत्येक रुपया वसूल झाला असे समजा.

जयभीम!