गोळीमागचा क्रमांक

क्षयरोगाचे उपचार साधारणतः सहा महिने चालतात आणि गोळ्या मध्येच सुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. म्हणून भारतात ‘99डॉट्स’ ही पद्धत आली, जिच्यात पाकिटातून गोळी काढताच तिच्यामागे दडलेला दूरध्वनी क्रमांक दिसतो आणि रुग्णाने त्यावर निःशुल्क कॉल केला की त्या दिवसाच्या मात्रेची नोंद होते. सामाईक फोनवर भागवणाऱ्या घराची अडचण मात्र कार्यालयात बसून कळत नाही. युगांडात ही पद्धत नेताना ‘मानवकेंद्री आरेखन’, म्हणजे वापरणाऱ्यांना विचारून साधन घडवणे, हा मार्ग धरला गेला, हे फार मोलाचे. रुग्ण व आरोग्य कर्मचारी यांच्या सांगण्यावरून पाकिटाचे रूप पालटले आणि कॉल लागताच आरोग्य कर्मचाऱ्याच्या आवाजातील धीराचे शब्द ऐकू येऊ लागले.