थंडीची भूक, उन्हाळ्यातली ईद

थंडी पडली की थळ परिसरात वालाच्या शेंगांची पोपटी लागते आणि एरवी दोन घासांत उठणारा माणूसही मडके रिकामे करतो. बकऱ्याचेही तसेच. चारा पचताना अंगात उष्णता निर्माण होते. गारव्यात ती सोसते, उन्हात नकोशी होते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत बकरा अंगाने भरतो आणि मे महिन्यात चाऱ्यावरून तोंड फिरवतो.

1 जानेवारी 2007 ची बकरी ईद या भुकेच्या ऐन भरात आली होती. 2025 ची 7 जूनला झाली. चंद्राचे वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे आता काही वर्षे ईद मे-एप्रिलकडे सरकत राहील. ईदच्या तोंडावर जनावर आणून महिनाभरात पोसू म्हणणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंचा हिशेब इथेच फसतो. पेंड संपते, काटा हलत नाही.

आम्ही म्हणू, खरेदी दिवाळीनंतरच करावी आणि थंडीतच वजन बांधून घ्यावे. कुर्बानीला बकरा पुरा वर्षाचा लागतो, तेव्हा वयही त्याच वेळी पाहावे. उन्हाळ्यात भरडा पहाटे व सूर्यास्तानंतर द्यावा. दुपारी नुसती सावली आणि पाणी. पाणी पाजून लगेच काट्यावर चढवलेला बकरा मात्र कोणत्याही मोसमात घेऊ नये.